हसऱ्या मुलांचं फडताळ

उस्तिन्या येफ्रेमोव्हनाला आमच्या कारखान्यात सगळे ‘मुकी’ म्हणायचे. मुकी वगैरे काही नव्हती हो ती. पण फिल्म जोडताना तिच्या ओठांत गोंदाचा ब्रश धरलेला असायचा, आणि फिल्म जोडत नाही अशी ती क्वचितच दिसायची. कारखाना बातमीपटांचा, मॉस्कोतला, जुन्या तबेल्याच्या इमारतीतला. थंडीत भिंतींना अजून लिदीचा वास यायचा, आणि त्यावर गोंदाचा तो गोडसर, डोकं उठवणारा वास. लांबलचक टेबलं, टेबलांत बसवलेल्या काचा, काचांखाली दिवे, आणि वर वाकलेल्या पांढऱ्या हातमोज्यांतल्या बायका. फिल्म कापायची, ब्लेडनं कडेचा थर खरवडायचा, गोंदाचा एक हात द्यायचा, दाबून धरायचं. कॅमेरेवाले देशभर उंडारायचे आणि पोत्यानं चित्रं आणून ओतायचे. त्यांच्या बातम्या व्हायच्या त्या या बायकांच्या बोटांखाली.

आमच्याकडे एक पद्धत होती. चित्र कुठल्या गावचं, कोणत्या साली घेतलं, त्यात माणूस कोण, या भानगडीत पडायचंच नाही. तुकडा कशाचा, एवढंच बघायचं आणि त्या फडताळात टाकायचा. ‘चाकं’ म्हणून एक फडताळ होतं, ‘मोर्चे’ म्हणून एक, ‘शत्रू’, ‘रडत्या म्हाताऱ्या’, ‘आनंदी म्हाताऱ्या’, ‘हसरी मुलं’, ‘भूक’. लागेल तसा तुकडा काढायचा आणि लावायचा. ही पद्धत बसवली रोदिओन अर्कादिच बेल्स्की यांनी. आमचे मुख्य तेच. ते म्हणायचे, “सुटा तुकडा काहीच बोलत नाही. त्याला तोंड फुटतं ते शेजारच्या तुकड्यामुळे.”

“म्हणजे माझ्या नवऱ्यासारखंच,” फाइना ओसिपोव्हना टेबलावरून मान न उचलता म्हणायची. “शेजारी कोण बसलंय त्यावर भाषण ठरतं.”

फाइना सगळ्यांत जुनी कापणारी. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण हात असा हलका की जोड कुठे आहे ते भिंग लावूनही सापडू नये. उस्तिन्याला हे काम शिकवलं ते तिनंच.

बेल्स्की वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून लोक भलतंच समजतात. कातडी कोट, डोळ्यांखाली काळं, खिशात चुरगळलेल्या सिगारेटी. सिनेमातून खरं दाखवायचं, नट नको, सजावट नको, रस्त्यावरचा माणूस जसा आहे तसा, यासाठी तरुणपणी घरदार सोडून प्रचाराच्या आगगाडीत चढलेला माणूस. रंगवलेल्या डब्यांची ती गाडी. तिच्यातच छापखाना, तिच्यातच सिनेमा. एकोणीसशे एकवीस सालच्या दुष्काळात ती गाडी व्होल्गापलीकडे गेली होती, आणि उस्तिन्यानं बेल्स्कीला पहिल्यांदा पाहिलं ते तिथे.

उस्तिन्या सुखोदोल गावची. नवरा प्रोखोर लढाईत गेलेला. घरात सासू माव्रा, धाकटी नणंद दार्या आणि चार वर्षांचा सेन्का. घोडा खाल्ला, मग घोड्याचं कातडं उकळून खाल्लं, मग गवताच्या पिठात माती मिसळून भाकऱ्या थापल्या. शेवटी माव्रा सुनेला म्हणाली, “उस्त्या, तू जा. शहराकडे जा. आम्ही दोघी बघून घेऊ आमचं. तुझं काय व्हायचं ते होवो, पण माझ्या प्रोखोरचा हा एवढा एक तुकडा उरलाय गं, तो जगव.”

स्टेशनावर माणसं ओंडक्यांसारखी पडली होती. तेवढ्यात ती रंगीत गाडी आली. कातडी कोटातला एक पोरगेला माणूस कॅमेरा घेऊन उतरला आणि नेमका सेन्कासमोर उभा राहिला. सेन्काच्या डोक्यावर बापाची टोपी, एका कानावर घसरलेली. पोरगं एकटक बघत होतं, हलेना की डुलेना. तेव्हा त्या माणसानं काय करावं? आपली टोपी उलटी घातली, मान ताणली, आणि भर स्टेशनात कोंबड्यासारखा आरवला! सेन्का आधी दचकला. मग हळूहळू त्याच्या तोंडावर हसू आलं, तुटक्या दातासकट, डाव्या गालावरच्या खळीसकट. कॅमेरा ते हसू बघत राहिला आणि मग सावकाश खाली उतरला. गळ्याची हाडं, डेऱ्याएवढं सुजलेलं पोट, काटक्यांसारखे पाय.

बेल्स्की कॅमेऱ्याचा दांडा फिरवता फिरवता रडत होता. खरंच रडत होता. उस्तिन्याला म्हणाला, “बाई, हे मॉस्कोत दाखवीन. लोक बघतील. पाव येईल, बघा तुम्ही.”

पाव आलाही. पुष्कळांना मिळाला. पण त्याच्या आधीच, वाटेत सिझरानच्या स्टेशनात, सेन्का आईच्या मांडीवर गेला. टोपीसकट त्याला मढ्यांच्या गाडीवर घातला आणि कुठे नेलं ते तिला कुणी सांगितलं नाही.

ती मॉस्कोत आली. भांडी घासली, फरश्या पुसल्या. पुढे गावचा एक सुतार कामासाठी शहरात आला होता, तो परत निघाला तेव्हा तिनं त्याच्याकडे निरोप दिला: “माव्राआईला सांगा, आम्ही पोचलो. सिनेमाच्या कारखान्यात काम मिळालंय.” ‘आम्ही’ म्हणाली ती. ‘मी’ म्हणायला गेली आणि तोंडातून ‘आम्ही’ आलं, आणि मग ते परत घ्यायची तिची छाती झाली नाही. सासूला काय सांगायचं होतं तिनं? तुकडा हरवला म्हणून?

सिनेमाच्या कारखान्यात ती मुद्दाम शिरली होती. पोराचा फोटो नव्हता, कपडा नव्हता, थडगं नव्हतं. जगात त्याचं जे काही उरलं होतं ते त्या कातडी कोटवाल्याच्या कॅमेऱ्यात होतं. झाडूवाली म्हणून लागली, डबे उचलता उचलता वाचायला शिकली, मग फाइनानं हाताशी घेतली. बेल्स्कीनं तिला ओळखलं नाही. कसा ओळखेल? त्या स्टेशनावर उस्तिन्यासारख्या शंभर बायका होत्या.

सेन्का सापडला ‘भूक’ फडताळात. दुसरीकडे कुठे सापडणार होता म्हणा. तिनं काचेवर फिल्म ठेवली आणि दोन बोटांत धरून हळूहळू ओढली. टोपी, कान, दात, खळी. आणि मग बाकीचं.

फाइना मागे येऊन उभी होती. “तुझा?”

उस्तिन्यानं मान हलवली.

“अगं मग एक चौकट काप आणि घाल पोलक्यात. नखाएवढी तर असते. फाटकावरचा पाखोम काय आत हात घालून बघणारेय? आणि घातला तरी त्या म्हाताऱ्याला काय सापडणारेय!”

“एका चौकटीत तो हसत नाही हो, फाइना ओसिपोव्हना,” उस्तिन्या म्हणाली. “हसू फिल्म चालली की येतं. कापून नेलं तर नुसतं तोंड राहील.”

त्यानंतर दरवर्षी सेन्काच्या नावाच्या संताचा दिवस आला की उस्तिन्या तो डबा काढायची, आणि फाइना दाराशी उभी राहून उगीचच कुणाशी तरी भांडण उकरून काढायची, म्हणजे आत कुणी येऊ नये. अशी वर्षं गेली. उस्तिन्याला दुसरं लग्न करता आलं असतं, पाखोमच्या भावानं विचारलंही होतं. तिनं नको म्हटलं. तिचं सगळं त्या डब्यात होतं.

मग बत्तीस सालच्या शरदात वरून हुकूम आला. कोऱ्या फिल्मचा तुटवडा होता. जुनी, निरुपयोगी फिल्म धुवायला पाठवायची. धुवायला म्हणजे, गरम पाण्याच्या हौदात टाकली की वरचा चित्राचा थर सुटतो, त्यातली चांदी गाळून घेतात, आणि खाली स्वच्छ पारदर्शक पट्टी उरते. तिच्यावर नवा थर चढवायचा, नवी चित्रं घ्यायची. कोणती फिल्म निरुपयोगी, याची चर्चा फार झाली नाही. “आपल्या देशात आता भूक नाही,” व्यवस्थापक म्हणाले. “जी गोष्ट नाही तिला फडताळ कशाला अडवून ठेवायचं?”

तेव्हा व्होल्गेवर, दक्षिणेत, सरकारी माणसं पुन्हा धान्याच्या कोठ्या खरवडून नेत होती. आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. स्टेशनांवरून माणसं यायची, कुजबुज यायची. पण कुणी बोलत नव्हतं. नोकरी प्रत्येकाला हवी होती.

वेताच्या टोपल्या रांगेनं मांडल्या. ‘भूक’ फडताळ रिकामं करायचं काम आलं उस्तिन्याकडेच.

आणि त्याच दिवसांत बेल्स्की एक बातमीपट जोडत होता. मॉस्कोतलं पाळणाघर, कामकरी आयांची मुलं, गरमागरम काशाचं, म्हणजे दाणे शिजवून केलेल्या खिरीचं, पातेलं. चित्रण झालं होतं, पण पडद्यावर बघितलं आणि बेल्स्कीचा पारा चढला. “एक कार्टं हसत नाही! बघा, बघा कशी चमच्याकडे बघताहेत. जशी काही कुणी हिसकावून नेणार आहे!”

“नेतात म्हणून तर बघताहेत,” फाइना पुटपुटली.

“काही बोललात?”

“गोंद घट्ट झालाय म्हटलं.”

“मला एक हसरं पोर पाहिजे,” बेल्स्की ओरडला. “पोटभर हसणारं! त्या ‘हसरी मुलं’ फडताळात सगळी झेंडे हलवणारी आहेत, ती काय कामाची? आजच्या आज पाहिजे!”

उस्तिन्या टोपल्यांपाशी उभी होती. हातात तो डबा होता. डबा टोपलीत टाकला की उद्या सेन्का हौदात जाणार, आणि उरणार पारदर्शक पट्टी. घरी नेता येत नव्हता. फिल्म भक्कन पेटणारी, अख्खा डबा फाटकाबाहेर सापडला तर सरळ तुरुंग. फडताळात परत ठेवावा तर फडताळच उरलं नव्हतं. तो कुठल्या तरी फडताळात असेल तरच राहणार होता.

ती आपल्या जागेवर गेली. फिल्म काचेवर ठेवली. कॅमेरा खाली उतरायला लागतो ती जागा तिला डोळे मिटूनही सापडली असती. गळ्याची हाडं दिसायला लागायच्या आधी तिनं ब्लेड लावलं. वरचा भाग डाव्या हातात राहिला. खालचा, पोट आणि पाय, टोपलीत पडला. तो पडताना तिनं तिकडे बघितलं नाही.

“काय करतेयस तू?” फाइनानं हळूच विचारलं.

“जगवतेय,” उस्तिन्या म्हणाली. आणि बेल्स्कीकडे जाऊन उभी राहिली. “कॉम्रेड बेल्स्की, एक हसरं पोर आहे माझ्याकडे.”

बेल्स्कीनं बघितलं आणि टाळीच वाजवली. “अरे वा! हे कुठे दडवून ठेवलं होतंस? असं हसू मागून मिळत नाही, बाई! बघा, आधी लाजतंय आणि मग कसं खुलतंय!” स्वतः कोंबडा होऊन मिळवलेलं हसू, आणि गड्याला ओळख पटली नाही. “कुठला तुकडा?”

“जुना.”

“असू दे. लाव.”

तिनंच लावला. आधी अक्षरं: ‘मॉस्को. कामकरी स्त्रियांच्या मुलांचं पाळणाघर.’ मग पातेल्यातून वाफाळणारा काशा काढणारा हात. मग सेन्का. मग तोंडाशी आलेला चमचा. मग पुन्हा सेन्का, खळी पडलेला. जोड इतका सफाईनं बसला होता की बघणाऱ्याला वाटावं, पोरानं आत्ताच घास गिळला.

खोटं कशाला बोला, उस्तिन्या त्या हिवाळ्यात सुखी होती. सुट्टी मिळाली की सिनेमाला जायची. मुख्य चित्रपटाआधी बातमीपट दाखवत, तो बघायचा आणि उठायचं. भिंतीएवढा सेन्का. हसणारा. त्याच्यापुढे वाढलेलं. एकदा शेजारची बाई नवऱ्याला म्हणाली, “बघ रे, पोट भरलेलं पोर कसं चेहऱ्यावरून कळतं!” उस्तिन्याला त्या बाईचे हात धरावेसे वाटले. तिला स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं. तिनं त्या दिवशी चूल मागून घेऊन काशा शिजवला आणि कितीतरी दिवसांनी चवीनं खाल्ला.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा पाखोम फाटकावरून आत आला. “मुके, तुझी कुणी गाववाली आलीय. लवकर ने बाई तिला इथून. कागदबिगद काही दिसत नाहीत तिच्याकडे, आणि मला माझी मान प्यारी आहे.”

फाटकाशी भिंतीला टेकून एक म्हातारी उभी होती. पाय सुजलेले, गुंडाळलेल्या चिंध्यांतून पाणी गळत होतं. उस्तिन्या बघत राहिली.

“वहिनी,” म्हातारी म्हणाली. “ओळखलं नाहीस? दार्या गं.”

दार्या तिशीची पण नव्हती.

उस्तिन्यानं तिला धरली, कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात नेली, उकळतं पाणी पाजलं, आपला पाव पाण्यात बुडवून थोडा थोडा दिला. दार्या खात होती आणि दोन घासांच्या मध्ये बोलत होती.

“सिनेमावाले आले होते गं गावात. धान्य नेलं, त्याच्यानंतर. देवळात चादर लावली. कुणी जाणार नव्हतं, पण तिथं शेकोटी होती म्हणून सगळी गेली. आणि काय सांगू वहिनी, पाळणाघर दाखवलं, आणि त्यात आपला सेन्काच! आई ताडकन उभी राहिली. तिला उठवत नव्हतं, ती उभी राहिली! ‘सेन्का, सेन्का’ करत चादरीपाशी गेली आणि चादरीचे मुके घेतले तिनं. लोक म्हणाले, म्हातारी चळली, सेन्का आता बाप्या झाला असेल. तेव्हा मी म्हटलं, अहो, तो नव्हे. हा धाकटा! वहिनीनं तिकडे पुन्हा घर मांडलं असेल, तिला दुसरा झालाय. तीच खळी, तोच कान, टोपीसुद्धा दिलीय तीच.” दार्या हसली. “लबाडे, निरोप नाही तो नाही धाडलास. एवढा गोड मुलगा झाला तरी कळवू नये?”

उस्तिन्यानं पावाचा आणखी एक तुकडा पाण्यात बुडवून तिच्यापुढे धरला.

“मग आई म्हणाली, दार्या, ल्युशाला घे आणि जा. वहिनीचं पोर जिथं खातं तिथं माझी नात उपाशी राहायची नाही. पातेलं केवढं होतं ते बघितलंस ना, म्हणाली. एका पोरानं काय कमी पडणारेय.”

“ल्युशा?” उस्तिन्यानं विचारलं. “तुझी? कुठंय ती?”

“निघाली होती माझ्याबरोबर,” दार्या म्हणाली, आणि पुन्हा पावाकडे वळली.

बऱ्याच वेळानं तिनं छातीशी बांधलेल्या फडक्यातून एक लाकडी चमचा काढला आणि टेबलावर ठेवला. “आपला आपला आणला होता तिनं. तिथं मोजके असले तर, म्हणून. गाडीतून उतरवलं आम्हाला, खेड्यातल्यांना तिकीट नाही म्हणाले. मग चालत. रियाझानच्या अलीकडे राहिली ती.” मग एकदम पदर सावरल्यासारखं डोक्यावरचं फडकं नीट करत म्हणाली, “मी काही मागायला नाही आले, वहिनी. आता काय मागू? धाकट्याला नुसता बघते. लांबून. हात नाही लावणार, मला उवा झाल्यात.”

तिला काय सांगणार? उस्तिन्यानं तिला उठवली आणि दुपारच्या खेळाला नेली. तिला तोंडानं सांगता येत नव्हतं म्हणून नेली, दुसरं काही नाही. थिएटर अर्धं रिकामं होतं. अंधार झाला. मोर्चे गेले, चाकं गेली. अक्षरं आली. काशा. सेन्का.

“अगंबाई,” दार्या पुटपुटली, “अगदी सेन्का गं.”

“दार्या, तो सेन्काच आहे.”

“हो ना, अगदी...”

“धाकटा नाहीये. धाकटा कुणीच नाही. हा सेन्का आहे, एकवीस सालचा. आपल्या स्टेशनावरचा. सिझरानला गेला तो, त्याच आठवड्यात. तुम्हाला कळवलं नाही मी.”

पडद्यावर चमचा तोंडाशी आला होता. दार्यानं त्याच्याकडे बोट केलं. “मग हा काशा?”

“तो वेगळा. यंदाचा. दुसऱ्या पोरांचा. तिथं मी जोडला सेन्काला. माझ्या हातानं.”

दार्यानं शिव्या दिल्या असत्या, झिंज्या धरल्या असत्या, तर उस्तिन्यानं पुढे केल्या असत्या. बातमीपट संपला. मुख्य चित्रपट लागला, विनोदी होता, पुढच्या रांगांमधले सैनिक खदाखदा हसायला लागले. त्या हसण्यात दार्या हळूच म्हणाली, “ल्युशा वाटेत सारखी विचारायची गं. आई, आपण पोचेपर्यंत तो सगळा संपवून तर नाही ना टाकणार?”

उस्तिन्यानं तिला आपल्या खोलीवर नेली. खोली कसली, चौघींत मिळून एक, पडदे लावून कोपरे केलेले. दोन दिवस ठेवली. तिसऱ्या दिवशी ओळखपत्रं तपासणारे आले. कुणी सांगितलं कोण जाणे. खोलीतल्या बाकीच्या तिघींनाही मानेची काळजी होतीच. दार्याला ट्रकमध्ये घालून शहराच्या हद्दीबाहेर नेलं. तिचं पुढे काय झालं ते कधीच कळलं नाही. सुखोदोलचा तो सुतार पुढे केव्हातरी भेटला, तो म्हणाला, माव्रा त्या वसंतातच गेली, आणि मरेपर्यंत सगळ्यांना सांगत होती की माझी पोरं मॉस्कोत जेवताहेत.

उस्तिन्या बेल्स्कीच्या खोलीत गेली. आयुष्यात पहिल्यांदा दार न वाजवता. “तो पोराचा तुकडा काढा.”

“कुठला?”

“पाळणाघरातला. काढा तो. माझा मुलगा आहे. तुम्ही कोंबड्यासारखे आरवला होतात त्याच्यासमोर. स्टेशनावर. आणि रडला होतात.”

बेल्स्की बघत राहिला. त्याला आठवलं, ते दिसलंच. तोंड पांढरंफटक पडलं. तो उठला, आणि तिला वाटलं हा आता जवळ येईल. तो दारापाशी गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.

“हळू बोल,” तो म्हणाला. “कुणाकुणाला सांगितलंयस?”

“कुणाला नाही.”

“सांगू नकोस. अगं, त्या बातमीपटाची वरपर्यंत वाहवा झालीय. आता काढला तर विचारतील का काढला. मग विचारतील पोर कुठलं, कोणत्या सालचं, भूक फडताळातलं पाळणाघरात आलं कसं. तुला कळतंय का? तू जाशील, मी जाईन, ती फाइना जाईल.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “तेव्हा मला वाटलं होतं की लोकांनी नुसतं बघितलं तरी पुरे. तेव्हा ते खरं होतं, उस्तिन्या येफ्रेमोव्हना.”

“आणि आता?”

“आता कामाला जा.”

ती गेली. टोपल्या केव्हाच रवाना झाल्या होत्या, खालचा अर्धा भाग हौदात विरघळून गेला होता, आणि त्या पट्टीवर एव्हाना कुणी ट्रॅक्टर नाहीतर परेड उतरवली असेल. वरचा अर्धा ‘हसरी मुलं’ फडताळात जाऊन बसला. एकाच्या दहा प्रती निघाल्या, दहाच्या शंभर. तिनं एकदा त्याला हौदाच्या टोपलीत टाकला देखील, चोरून. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी दुसऱ्या प्रतीतून नवा काढून आणला, कारण तो तुकडा सगळ्यांना हवाच असायचा. क्रांतीचा वाढदिवस, सेन्का. नवी शाळा, सेन्का. युद्ध संपलं, बाप घरी आला, दार उघडलं, सेन्का. दर वेळी तो उस्तिन्याच्याच टेबलावर यायचा, कारण तिचा हात चांगला होता. खरवडायचं, गोंद लावायचा, दाबून धरायचं.

बेल्स्की म्हातारपणी शिकवायला लागला. परदेशातूनही विद्यार्थी यायचे. तो त्यांना जोडकाम समजावायचा: एकच चेहरा घ्या, शेजारी काशा लावा, पोट भरलेलं दिसतं, शेजारी बाप लावा, वाट बघणारं दिसतं, तेच हसू, बघा. पोरं माना डोलवायची, वह्या भरायची आणि आपापल्या देशी जाऊन तेच करायची. चेहरा कुणाचा, हे कुणी विचारलं नाही, आणि बेल्स्कीनं सांगितलं नाही. पण दाखवायला दर वेळी तो हाच तुकडा घ्यायचा आणि तो चालू असताना खिडकीबाहेर बघायचा, असं फाइना सांगायची.

उस्तिन्या निवृत्त झाली. इमारतीत टीव्ही आला, आधी शेजारणीकडे. सणाच्या दिवशी सगळ्या बायका तिथे जमायच्या. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमात टोपी घसरलेलं ते पोर यायचंच, आणि शेजारीण म्हणायची, “काय तरी बाई गोड! काय ते दिवस होते! कुणाचं असेल हो?” ल्युशाच्या त्या लाकडी चमच्यानं चहातली साखर ढवळत बसलेली उस्तिन्या काही बोलायची नाही. मुकीच म्हणायचे ना तिला.

पण हसू पुरतं उमललं की, जिथे तिनं ब्लेड लावलं होतं त्या जागी, तिची नजर आपोआप खाली सरकायची. गळ्याची हाडं, पोट, पाय. टीव्हीच्या खाली, टेबलावर, जमिनीवर. ती तिथे बघत बसायची. शेजारणीला वाटायचं, म्हातारीच्या हातून काही पडलं. ती बिचारी दर वेळी वाकून शोधायची आणि म्हणायची, “काही नाहीये हो इथे, उस्तिन्या येफ्रेमोव्हना.”